उतरायच्या वाटा बघून निवडलेला ट्रेक : एप्रिलमधलं सांदकफू

पुतणीची दहावीची परीक्षा संपली आणि दादाने एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली रजा टाकली. त्यामुळे तारखा आधी पक्क्या झाल्या, ट्रेक नंतर. दादा, वहिनी, पुतणी आणि मी असे चौघं. सह्याद्रीत आम्ही सगळेच भरपूर हिंडलेलो. पण एप्रिलमधला सह्याद्री म्हणजे पाण्याची आणि उन्हाची चिंता, आणि एप्रिलमधला हिमालय म्हणजे कशाची चिंता करायची तेच सकाळपर्यंत कळत नाही. पश्चिमेकडून येणारे झंझावात अजून थांबलेले नसतात, वरचा बर्फ वितळायला लागलेला असतो आणि दुपारी दऱ्यांमधली तापलेली हवा वर चढून ढग उभे करते. सकाळी टी-शर्टवर चालणारा माणूस दुपारी गारांत सापडू शकतो.

तीन नावं समोर होती. रूपिन पास, हर की दून आणि सांदकफू-फालुत.

रूपिन दादाच्या मनात कित्येक वर्षं आहे. खिंड 4,650 मीटरवर. तिच्याखाली बर्फाने भरलेली एक उभी घळ चढावी लागते. एप्रिलमध्ये तो बर्फ पहाटे काचेसारखा कडक आणि दुपारी मऊ, घसरणारा असतो. नेहमीचा हंगामही मेच्या मध्यानंतरचा. शिवाय एकदा खिंड ओलांडली की मागे फिरणं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे जायचं नाही, हे दादानेच आधी सांगितलं.

हर की दूनचं पारडं खरोखर जड होतं. सांकरीपासून सुपिन नदीच्या काठाने गंगाड, ओसला अशी गावं लागत जातात. त्याच वाटेने परत यायचं असल्यामुळे कुठूनही वळता येतं. माथा 3,566 मीटरवर आणि समोर स्वर्गारोहिणी. पण देहरादूनहून सांकरीला पोचायला अख्खा दिवस, यायला तेवढाच. वरच्या टप्प्यात बर्फ असला तर वाटेतल्या कलकत्तियाधारच्या आसपास थांबावं लागण्याची शक्यता मोठी. आणि पुतणीला एव्हरेस्ट बघायचं होतं. हे कारण आम्ही हलकं मानलं नाही. चालणार तीही होती.

वहिनीने मग कागदावर दोन प्रश्न लिहिले. दुपारी दोननंतर रोज डोक्यावर पक्कं छप्पर असेल का? आणि प्रत्येक मुक्कामावरून, पुढे न जाता, त्याच दिवशी खाली उतरता येईल का? जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालाच्या वाटेवर बंगळूरहून गेलेल्या गटातले नऊ जण हिमवादळात गेले. ती बातमी वाचल्यापासून वहिनी ट्रेकच्या माहितीत माथ्याची उंची नंतर बघते, परतीच्या वाटा आधी. मला तिची ही पद्धत पूर्ण पटते, आणि हिमालयातल्या वसंतासाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

या कसोटीला सांदकफू उतरलं. 3,636 मीटर, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. सिंगालीला रांगेच्या धारेवरून, भारत-नेपाळ सीमेला धरून वाट जाते. रोज रात्री लॉजमध्ये मुक्काम. मानेभंजनपासून माथ्यापर्यंत जीपचा रस्ता, म्हणजे कोणी आजारी पडलं तर गाडी मिळते. माथ्यावरून गुर्दुममार्गे श्रीखोलाला उतरणारी वेगळी पायवाट आहे. एकच टप्पा कसोटीत बसत नव्हता : सांदकफू ते फालुत. 21 किलोमीटर उघड्या धारेवरून, मध्ये आसरा जवळपास नाहीच. तेवढा निर्णय वर जाऊन घ्यायचा ठरवलं आणि त्यासाठी एक दिवस राखीव ठेवला.

मानेभंजनपर्यंत

बागडोगरा विमानतळावरून मिरीकमार्गे साडेतीन-चार तास. चहाचे मळे, मग धुपीची उंच झाडं, मग गारवा. मानेभंजन सुमारे 2,000 मीटरवरचं गाव आहे. बाजारातली गल्ली ओलांडली की नेपाळ. इथे स्थानिक गाईड घ्यावाच लागतो. आम्हाला मिळालेले गाईड पन्नाशीचे होते. सगळे त्यांना 'दाजु' म्हणजे थोरला भाऊ म्हणत होते, आम्हीही तेच म्हणायला लागलो. नोंदणी केली, ओळखपत्रांच्या झेरॉक्स दिल्या. दाजुंनी सामान उचलून बघितलं आणि वहिनीची एक सॅक लॉजवर ठेवायला लावली.

बाजारात जुन्या लँडरोव्हर गाड्या उभ्या होत्या. गेल्या शतकातल्या पन्नाशीच्या दशकातल्या या गाड्या अजून सांदकफूच्या चढावर चालतात. आता त्यांची जागा बोलेरो घेत आहेत. गाडीने एका दिवसात वर जाता येतं, पण शरीराला एवढ्या झपाट्याने चढलेलं सोसत नाही. थंडीपेक्षाही या घाईने आजारी पडणारे जास्त, असं दाजु म्हणाले.

पहिला दिवस : मानेभंजन ते टुमलिंग

सुरुवातीलाच चित्रेपर्यंतचा चढ अंगावर येतो. जीपचा रस्ता वळणं घेत जातो आणि पायवाट ती वळणं तोडत सरळ वर चढते. चित्रेला गोम्पा म्हणजे बौद्ध मठ आहे, लांब काठ्यांना बांधलेल्या प्रार्थनेच्या पताका आहेत. तिथे चहा घेतला आणि धुकं आलं. पुढे लामेधुरा, मग मेघमा. मेघमात दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. दाजु म्हणाले, इथे असंच असतं, ढगांचं गावच आहे.

त्या धुक्यातच एकेक झाड समोर येत होतं. पान एकही नाही आणि फांदीफांदीवर पांढरी, तळहाताएवढी फुलं. मॅग्नोलिया. दाजु त्याला 'चांप' म्हणाले. पुतणी प्रत्येक झाडापाशी थांबत होती आणि आम्ही तिला थांबू देत होतो.

मेघमाला वाट फुटते. एक भारताच्या बाजूने टोंगलूवर जाते, एक नेपाळच्या हद्दीतून टुमलिंगला. जोसेफ हूकर हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ 1848 मध्ये याच टोंगलूवर चढला होता. हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या कित्येक जाती जगाला त्याच्यामुळे कळल्या. आम्ही टुमलिंगची वाट घेतली, कारण दाजुंना आभाळ आवडत नव्हतं. टुमलिंग सुमारे 2,970 मीटरवर आहे. लॉजच्या ओट्यावर पाय ठेवला आणि वीसेक मिनिटांत गारा. पत्र्यावर इतका आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आपल्याकडे वैशाखात वळीव येतो, इकडे बंगालात कालबैसाखी. तेच ढग हिमालयाच्या उतारावर असे गारा टाकून जातात.

टुमलिंग नेपाळात असल्यामुळे फोन आपोआप पंधरा मिनिटं पुढे सरकले होते. दोनची मर्यादा भारतीय वेळेचीच धरायची, असं वहिनीने तिथल्या तिथे जाहीर केलं.

संध्याकाळी चुलीपाशी बसून थुकपा खाल्ला. लॉजवाल्या दिदींनी पुतणीला छुर्पीचा एक तुकडा दिला. याकच्या दुधाचं हे वाळवलेलं चीज दगडासारखं टणक असतं, तासभर तोंडात धरलं तरी संपत नाही.

दुसरा दिवस : टुमलिंग ते कालीपोखरी

पहाटे दिदींनीच दार ठोठावलं. बाहेर आलो तर उत्तरेला सगळी रांग मोकळी. डावीकडे कुंभकर्ण, मध्ये 8,586 मीटरचा कांचनजंगा. या रांगेला इथे निद्रिस्त बुद्ध म्हणतात. कुंभकर्ण म्हणजे डोकं, कांचनजंगा म्हणजे छाती-पोट. एकदा कोणी बोट धरून दाखवलं की डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही.

एप्रिलमध्ये खालच्या दऱ्यांत धुरकट हवा साचलेली असते, त्यामुळे ऊन असूनही शिखरं दिसत नाहीत असे दिवस बरेच. आदल्या दुपारच्या गारांनी हवा धुऊन काढली होती. आम्हाला घरात कोंडणारं वादळच दुसऱ्या सकाळी डोंगर दाखवत होतं. हे ध्यानात आल्यावर दुपारच्या ढगांवरचा आमचा राग बराच कमी झाला.

टुमलिंगपाशी सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाची चौकी आहे. तिकिटं काढली. हे जंगल 1992 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि रेड पांडासाठी प्रसिद्ध आहे. मालिंगो नावाचा बारीक बांबू त्याचं खाणं. बांबू भरपूर दिसला, पांडा नाही. जौबारीवरून वाट गैरीबासला खाली उतरते, 2,600 मीटरच्या आसपास. कमावलेली उंची अशी घालवताना जीव हळहळतो. गैरीबासला सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी ओळखपत्रं तपासली. एका जवानाने विचारलं, कुठून आलात? पुणे म्हटल्यावर म्हणाला, इतक्या लांबून ढग बघायला!

गैरीबासपासून कैयाकट्टापर्यंतचा चढ हा माझ्यासाठी या ट्रेकमधला सर्वांत सुंदर तुकडा. गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडं दोन्ही बाजूंनी, आणि सगळी फुललेली. खाली रक्तासारखा लाल, वर चढत जावं तसा गुलाबी, मग मधूनच पांढरट. आदल्या दिवशीच्या गारांनी पाडलेल्या पाकळ्यांचा वाटेवर थर होता. लाल गुरांस हे नेपाळचं राष्ट्रीय फूल. उत्तराखंडात याच झाडाला बुरांश म्हणतात, तिथे त्याचं सरबत मी प्यायले आहे. इथे कोणी फुलाला हात लावत नव्हतं.

कैयाकट्टाला जेवणाला बसलो तेव्हा पहिला गडगडाट झाला. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायचं, दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पुतणीने मोजले, वीसच्या पुढे गेली. दाजुंनी थोडं थांबवलं. पुढच्या दोन विजांनाही अंतर वाढतच होतं, ढग नेपाळच्या बाजूला सरकत होता. मग निघालो. कालीपोखरीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. गावाच्या तोंडाशी छोटंसं काळ्या पाण्याचं तळं आहे, भोवती पताका. हे तळं कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही असं इथले लोक सांगतात आणि त्याला फार मान देतात. आम्ही चपला काढून काठाशी उभे राहिलो.

तिसरा दिवस : कालीपोखरी ते सांदकफू

अंतर जेमतेम सहा किलोमीटर, पण विखेभंज्यांगपासून पुढचा चढ सलग आणि उभा. विख म्हणजे आपला बचनाग. या रांगेवर तो भरपूर उगवतो. एप्रिलमध्ये फुलं नसतात, पण कोवळी पानं गुरांनी खाल्ली तर गुरं दगावतात, म्हणून दाजु वाटेकडेचं काहीही तोडू देत नव्हते.

कालीपोखरी सुमारे 3,170 मीटरवर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम आम्ही धरला होता आणि हा टप्पा त्यात बरोबर बसत होता. तरी शेवटच्या वळणांवर वहिनीचं डोकं दुखायला लागलं. तिने ते लगेच सांगितलं. अशा वेळी गप्प राहून चालत राहणारी माणसं स्वतःला आणि बरोबरच्यांना फार मोठ्या धोक्यात घालतात. आम्ही वेग निम्म्यावर आणला, पाणी पीत, थांबत चढलो. बारीक साबुदाण्यासारखा बर्फ पडत होता. माथ्यावर पोचलो तेव्हा पंचवीस पावलांपलीकडे काहीच नव्हतं.

लॉजमध्ये गरम पाणी, गरम डाळ-भात, दोन दुलया. संध्याकाळपर्यंत वहिनीचं डोकं उतरलं. उतरलं नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने खाली, हे आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे कोणी घाबरलं नाही की वाद घातला नाही.

चौथा दिवस : सांदकफूलाच

पूर्वेकडचा प्रदेश, त्यामुळे पाचलाच उजाडायला लागतं. दार उघडलं तर रात्रीत सगळं आभाळ मोकळं झालं होतं. उत्तरेला कांचनजंगा, सत्तर किलोमीटरांच्या आत, एवढा जवळ की मान थोडी वर करावी लागते. आणि डावीकडे, वायव्येला, सुमारे दीडशे किलोमीटरांवर तीन शिखरांचा गट. दाजुंनी पुतणीच्या मागे उभं राहून नावं सांगितली : डावीकडचं ल्होत्से, उजवीकडचं आरामखुर्चीसारखं मोठं दिसतंय ते मकालू, आणि दोघांच्या मध्ये, किंचित मागे, ते एव्हरेस्ट. मकालू आपल्याला जवळ असल्यामुळे मोठा दिसतो. जगातल्या सर्वांत उंच पाच शिखरांपैकी चार एका ठिकाणी उभं राहून दिसतात. पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, ते छोटं दिसतंय ना, तेच हवं होतं मला."

सात वाजता निर्णयाची वेळ आली. फालुतला जायचं तर दुपारच्या आत वाटेतलं सबरग्राम मागे टाकायला हवं, असं दाजुंचं मत. सबरग्राम चौदा किलोमीटरवर, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे सगळी उघडी धार. वीज पडायला लागली तर आडोशाला झाडही नाही, आणि असलं तरी त्याच्याखाली उभं राहता येत नाही. नेपाळच्या दऱ्यांतून पांढरे ढग फुलकोबीसारखे वर यायला लागलेच होते. आदल्या दिवशी हेच ढग अकराला आले होते, आज सातलाच.

लॉजमधला कोलकात्याचा एक तरुण गट निघाला. चालण्याच्या वेगाने ते आमच्या दुप्पट होते. आम्ही राखीव दिवस काढला. फालुतच्याच वाटेवर आल नावाच्या ठिकाणापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर, धारेवरची वाट कशी आहे ते पायांना कळावं म्हणून. वाट खरंच अप्रतिम आहे. दोन्ही बाजूंना उतार, मध्ये पिवळं वाळलेलं गवत, जुन्या वणव्यात जळालेल्या झाडांचे राखाडी सांगाडे, आणि समोर सतत कांचनजंगा. दादा आलला पोचून फालुतच्या दिशेने बघत उभा राहिला. मला त्याचं मन कळत होतं, त्याला जायचं होतं.

साडेदहाला परत. बारा वाजता पहिली वीज. पुतणीने मोजायला सुरुवात केली आणि तीन सेकंदांतच आवाज आला. एक किलोमीटर. पुढचा तास आम्ही खिडकीपासून दूर, भिंतीला न टेकता, खोलीच्या मध्यावर बसून काढला. सगळ्यांच्या मनात तो कोलकात्याचा गट होता.

पाचवा दिवस : सांदकफू ते श्रीखोला

पहाट पुन्हा लख्ख, आणि सातपर्यंत ढग पुन्हा वर. राखीव दिवस संपला होता. दादाने स्वतःच सांगितलं, "गुर्दुम." बस, एक शब्द.

सांदकफूपासून श्रीखोला सोळा किलोमीटर आणि जवळपास सतराशे मीटर उतार. ही वाट लोक नाइलाजाची समजतात. मला ती चढण्याच्या वाटेपेक्षाही आवडली. वर चांदीफराची काळपट झाडं, मग गुरांस, पुढे मालिंगो इतका दाट की बोगद्यातून चालल्यासारखं. त्याखाली ओक, सालीवर शेवाळ्याचे गुच्छ. जीपचा आवाज नाही, माणूस नाही. दर पाचशे मीटर खाली आलं की वसंत पुढे सरकलेला दिसत होता : वर कळ्या, मध्ये फुलं, गुर्दुमपाशी नवी हिरवी पानं. गुर्दुमला बटाट्याची शेतं आहेत. तिथल्या घरात आलुदम आणि भात खाल्ला. गुडघ्यांना मात्र हा उतार कठीण जातो. काठ्या दोन असाव्यात, एकीने भागत नाही.

पाऊस आला तो श्रीखोलाचा लाकडी पूल दिसल्यावर, आणि साधा पाऊस. गारा, वीज काही नाही.

सहावा दिवस : श्रीखोला, रिंबिक

दिवस नदीकाठी काढला. कपडे वाळवले, पुतणीने पाण्यात पाय सोडून दुपार घालवली. संध्याकाळी जीपने रिंबिकला आलो. रात्री जेवायला बसलो तर शेजारच्या टेबलावर कोलकात्याचा तोच गट. सगळे सुखरूप बघून वहिनीने पहिल्यांदा हात जोडले.

त्यांनी सगळं सांगितलं. सबरग्रामच्या अलीकडे त्यांना वादळाने गाठलं. काठ्या आणि सॅक लांब ठेवून, धारेच्या खाली उतारावर, एकमेकांपासून अंतर ठेवून ते उकिडवे बसून राहिले. तास-सव्वा तास. फालुतला पोचायला अंधार पडला. पण दुसऱ्या दिवशीची पहाट त्यांना मिळाली. फोनमधले फोटो दाखवले : गवताळ माथा, आणि हात लांब केला तर लागेल असा कांचनजंगा. तिथून गोर्खेला उतरून ते इथे आले होते. दादाने एकेक फोटो मोठा करून बघितला, वाटेतल्या पाण्याची ठिकाणं विचारली, कुठल्या वळणावर वाट चुकते ते विचारून घेतलं.

त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "आप लोग क्यों नहीं आए?" दादा म्हणाला, "ज्या वेळेला तुम्ही उतारावर बसला होता, त्या वेळेला आमच्या बरोबरची सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती सबरग्रामच्या अर्ध्या वाटेवरच असती." तो मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, बरोबर आहे. आम्ही धावू शकत होतो म्हणून गेलो.

फालुत आता दादाच्या यादीत रूपिनच्या वर आहे. नोव्हेंबरमध्ये जायचा त्याचा विचार आहे, पाऊस संपून हवा स्वच्छ झालेली असते आणि दुपारच्या विजांचा हंगामही नसतो तेव्हा. गुरांस तेव्हा फुललेला नसेल, म्हणून पुतणी म्हणते एप्रिलच हवा, फक्त राखीव दिवस दोन ठेवू. घरी यावर अजून एकमत झालेलं नाही.